लांबलेली प्रस्तावना

शनिवारी सकाळी शाळेच्या लांबलचक बोळात शंभर-सव्वाशे पोरं सूट घालून भिंतींशी बोलत होती. कुणी भिंतीला प्रेमाची कबुली देत होतं, कुणी भिंतीसमोर प्राण सोडत होतं, आणि पाण्याच्या नळापाशी एक मुलगा भिंतीला करपद्धती समजावून सांगत होता. भिंतीला पटत नसावं, कारण तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या नाट्य आणि वादविवाद स्पर्धांचा हा रिवाजच आहे. फेरीआधीचा सराव भिंतीसमोर करायचा. भिंत खोकत नाही, मोबाइल बघत नाही.

टेसा वोटावाने ट्रॉफींच्या कपाटाशेजारची चांगली भिंत आल्या आल्या धरून ठेवली होती. तिचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष. जिल्ह्यातून द्विपात्री नाटुकल्याच्या पहिल्या तीन जोड्या राज्यस्पर्धेला जातात, आणि टेसा गेली तीन वर्षं चौथी येत होती. दरवर्षी जोडीदार नवा, क्रमांक तोच. गावातले लोक तिला 'आपली चौथी' म्हणायचे, तेही कौतुकाने, आणि कौतुकाने म्हणायचे म्हणून तिला चिडताही येत नव्हतं.

यंदाचा जोडीदार कोल कुस्तीही खेळायचा. कुस्तीची जिल्हास्पर्धा नेमकी याच शनिवारी आली आणि तो वजन उतरवायला बाटलीत थुंकत थुंकत तिकडे निघून गेला. संघाचे श्वेंक सर एरवी मुलांना मोटार चालवायला शिकवायचे. एका गाडीचं चाक दुसरीला बसवण्यात त्यांना काही गैर वाटत नसे. त्यांनी कोलच्या जागी ऑगी हाइनरिखला उभं केलं.

ऑगी वादविवादातला. ही मुलं इतक्या वेगाने बोलतात की श्वासासाठी मधेच विहिरीतून वर काढल्यासारखी धापतात. लॅपटॉपवरून नजर हलवत नाहीत, आणि कुठल्याही विषयाचा शेवट अणुयुद्धात करतात. डिसेंबरात ऑगीने शाळेच्या जेवणातल्या दुधावरून सुरुवात करून चार मुद्द्यांत अणुयुद्ध पेटवलं होतं. ती फेरी तो जिंकला होता.

"हात कुठे ठेवू?" ऑगीने भिंतीला विचारलं.

"खांद्याला जोडलेलेच राहू देत," टेसा म्हणाली. "आणि हळू बोल. तू म्हातारी आहेस, लिलाव पुकारणारा नाहीस."

त्यांच्या नाटकात एक म्हातारा-म्हातारी आपल्या थडग्यांची जागा बघायला येतात आणि जागेवरून भांडतात. म्हातारा टेसा करायची, कारण दोघांत तिचा आवाज घोगरा होता. द्विपात्रीचा नियम मोठा कडक: सादर करताना जोडीदाराला हात लावायचा नाही आणि त्याच्याकडे बघायचंही नाही. दोघांनी समोर बघून बोलायचं. मिठी मारायची तर हवेला. सुरुवातीच्या तुकड्यानंतर छोटी प्रस्तावना असते, नाटक कशाबद्दल आहे ते सांगणारी, तेवढ्यात मात्र एकमेकांकडे बघितलेलं चालतं.

सकाळच्या फेऱ्या ऑगीने मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून काढल्या. जेवणात चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, आणि दालचिनीचा रोल होता. ऑगीने दोघांचेही रोल खाल्ले. तेवढ्यात अंतिम फेरीच्या सहा जोड्यांची नावं लागली, त्यांत ही दोघं होती.

अंतिम फेरी वाचनालयात. तीन परीक्षक, मागे पन्नासेक माणसं, आणि भिंतीवर घड्याळ नाही.

"ही जागा उतारावर आहे, एडना," टेसा म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाली. "जोराचा पाऊस आला तर मी घसरून तुझ्या अंगावर येईन."

एडनाने तोंड उघडलं. आतून काहीच आलं नाही.

समोरच्या परीक्षक बाई त्याच्याकडे बघून मायेने हसत होत्या. इतक्या वर्षांत ऑगीने परीक्षकाचा चेहरा पाहिलाच नव्हता. त्यांना चेहरा असतो हीच त्याला बातमी होती. टेसाला मात्र आता चौथा नंबरसुद्धा श्रीमंतीचा वाटायला लागला होता. तिने एक पाऊल पुढे टाकलं, ठरल्याच्या कितीतरी आधी प्रस्तावना सुरू केली आणि वळून सरळ ऑगीकडे बघितलं.

"ही एडना," ती परीक्षकांना म्हणाली. "हिचा नवरा हेन्री. दोघांचा पन्नास वर्षांचा संसार. एडना सध्या काही बोलत नाहीये. का गं, एडना?"

"लोक बघतायत," ऑगी पुटपुटला.

"मग काय डोळे घरी ठेवून येतील? तू माझ्याकडे बघ."

"तू किती वेळ बघणार आहेस?"

"प्रस्तावना संपेपर्यंत."

"ती कधी संपते?"

"आपण संपवू तेव्हा. किती लांब असावी ते नियमात लिहिलेलंच नाही."

ऑगीच्या गालांवर रंग परतला. "कुठेच नाही?"

"एक ओळसुद्धा नाही."

"अगं, मग ही केवढी मोठी पळवाट आहे!" ऑगी आनंदाने म्हणाला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ऑगीने त्या हसण्याकडे मान वळवून बघितलं, आणि तो जिवंत राहिला.

तोवर वेळ दाखवणाऱ्या मुलीने तीन बोटं वर केली होती. नाटक उरलं होतं सात मिनिटांचं आणि मिनिटं होती तीन. टेसा समोर वळली. ऑगीने मग त्याला जे येत होतं ते केलं. एडनाचा पन्नास वर्षांचा संसार त्याने एका दमात ओतला: हेन्रीचं घोरणं, हेन्रीची आई, लग्नाच्या वाढदिवशी आणलेला डुकरांची घाण उपसायचा पंप. मधेच धापून श्वास, आणि पुन्हा पंप. टेसाला अधूनमधून फक्त "हो" म्हणायला जागा मिळाली, आणि नवऱ्याला तेवढीच मिळते हे ओळखून लोक खुर्च्यांवर वाकून हसत होते. एका परीक्षकाचं पेन खाली पडलं, ते त्याने उचललं नाही.

मग ऑगी आपण होऊन थांबला.

"जन्मभर तू मक्याकडे बघितलंस, हेन्री," तो अगदी सावकाश म्हणाला. "आता एकदा इकडे बघ."

नियमाप्रमाणे टेसाला बघता येत नव्हतं. ती समोर बघत राहिली, आणि समोरचं तिला नीट दिसेना.

संध्याकाळी व्यायामशाळेत निकाल सहाव्यापासून वर पुकारायला लागले. सहावे दुसरेच कुणी. पाचवेही दुसरेच.

"द्विपात्री, चौथा क्रमांक," निवेदक म्हणाला, आणि नाव घ्यायच्या आत टेसा उठून चालायला लागली होती. पायांना रस्ता पाठ होता. ती मंचावर चढून पदकासाठी मान वाकवून उभी राहिली, तेव्हा त्याने भलत्याच शाळेचं नाव घेतलं.

टेसाचे कान तापले. ती उतरायला वळली, तर निवेदकाने वाकून तिचा कोपर धरला.

"पोरी, थांब इथेच," तो कुजबुजला. "लगेच परत वर यायचंय, उगाच कशाला चढउतार?"

माइक चालूच होता.

मग श्वेंक सरांनी अशी किंकाळी फोडली की दारातला पहारेकरी आत धावत आला.

"म्हणजे आम्ही कितवे?" वर बाकावर बसलेला ऑगी शेजारच्याला विचारत होता.

"तिसरे रे! पळ, गाढवा!"

खरी चौथी जोडी येऊन उभी राहिली. त्यांना जागा द्यायला टेसा एक पाऊल बाजूला सरकली. ऑगी धापा टाकत, एका बुटाच्या सुटलेल्या नाडीनिशी पोचला आणि तिच्याशेजारी उभा राहिला.

"राज्यस्पर्धेला परीक्षक किती असतात गं?"

"जास्त असतात."

"आणि लोक?"

"पुष्कळ."

"बरं," ऑगी म्हणाला. त्याने हात कुठेतरी ठेवले आणि टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघायला लागला.