डावीकडची सीट

आमचे हे शोरूमच्या चकचकीत फरशीवर उताणे झोपले आणि सरकत सरकत गाडीखाली गेले. बाहेर राहिले ते दोन पाय, तेही अनवाणी. चपला दारातच काढून आले होते.

"काका, अहो काका, बाहेर या ना!" विकणारी मुलगी घाबरली. "आपल्याकडे स्क्रीनवर सगळी माहिती आहे."

"बाई, स्क्रीनवर गाडीचं पोट दिसतं का?" खालून आवाज आला.

शनिवारची सकाळ, नांदेडचं शोरूम गच्च भरलेलं, आणि चार माणसं मोबाइल काढून ह्यांच्या पायांचे फोटो घेत होती. मला मेलीला आता लाजही वाटत नाही. एकतीस वर्षं ज्या माणसाचे पाय आधी दिसले आणि तोंड नंतर, त्याच्याबरोबर लाजून कसं चालेल?

माझे यजमान वैजनाथ वन खात्यात ड्रायव्हर होते. किनवट-माहूरच्या जंगलात एकतीस वर्षं सरकारी जीप चालवली. वणवा लागला की माणसं न्यायची, सागाची चोरी झाली की पाठलाग करायचा, साहेबांच्या बायकांना रेणुकामातेच्या दर्शनाला न्यायचं. साहेब आले नि गेले, जीपला ओरखडा नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी तालुक्यात कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी आमच्या दारात येतात. मी उदगीरची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. म्हणून बोलते जरा तोलून-मापून, आणि ऐकून कोणाचं घेत नाही.

या वेळी मात्र गाडी आमच्याच घरी यायची होती. आमची शिवानी चार गावांच्या बांबूचं काम बघते. ग्रामसभांना रोपं पोचवायची, तोड नीट होते का बघायचं, बांबू रस्त्यापर्यंत आणायचा. गेल्या श्रावणात नाल्यात मोटरसायकल घसरली आणि मनगट मोडून घेतलं पोरीनं. त्या दिवशी हे म्हणाले, चार चाकं हवीत आणि चारही ओढणारी हवीत. वर माझे गुडघे. दर गुरुवारी व्यायामाला नांदेडला यायचं, मधून उदगीरला लग्नंकार्यं. म्हणजे एकच गाडी जंगलात बैल व्हायला हवी आणि गावात शहाणी सून.

शिवानीकडं गाडीचं लायसन होतं, तरी सगळ्यांना सांगत सुटली होती, "गाडी अप्पाच चालवतील. ते असल्यावर मला कशाची चिंता?"

आणि ते ऐकून हे नुसते खाकरत होते. माझं रक्त उकळत होतं ते त्या खाकरण्यावर.

कारण मला माहीत होतं. महिन्यापूर्वी त्यांची पँट धुवायला काढली, तर खिशात लायसनचं पाकीट, आणि पाकिटात नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद. काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाजूची नजर गेली आहे, परत यायची नाही. खाली पेनानं रेघ मारून लिहिलं होतं, वाहन चालवणे बंद करावे. कागद होता तसा घडी करून ठेवला मी, आणि वाट बघत बसले की आज सांगतील, उद्या सांगतील. महिना गेला, माणसाच्या तोंडातून शब्द नाही. आता हाच माणूस पोटच्या पोरीला शेजारी बसवून माहूरचा घाट चढणार होता. गाडी घरी येण्याआधी मी तोंड उघडणार होते. कधी, तेवढंच ठरत नव्हतं. एकतीस वर्षांची मान एका वाक्यानं खाली घालायची म्हणजे काय सोपं आहे का?

हे गाडीखालून निघाले आणि पँट झटकली.

"एक वीत अन् दोन बोटं," म्हणाले. पोटाखालची जागा ते हातानंच मोजतात. "आमच्या नाल्यातला पहिलाच धोंडा हिची आतडी काढंल. अन् चढाला लागतो तो छोटा गिअर कुठं हाय?"

"त्याची गरज नसते, काका. चाक घसरलं की गाडी स्वतः ओळखते आणि बाकीच्या चाकांना ताकद देते."

"घसरल्यावर ओळखती व्हय? आमी घसरायच्या आधी ओळखून राहिलो इतकी वर्षं."

मुलगी हसली. गोड होती बिचारी. ह्यांनी शिवानीला चालकाच्या सीटवर बसवलं, सीट पुढं ओढायला लावली. पोर माझ्यावर गेलीय, पाच फूट.

"बॉनेटचं टोक दिसतं का तुला?"

"न्हाई अप्पा. पण चालवणार तुमी ना, तुमाला दिसल्यावर झालं."

"तुला दिसतं का, ते विचारून राहिलो मी."

"न्हाई."

"मंग न्हाई." आणि हे दाराकडं निघाले, चपला घालायला.

गाडी दिसायला अशी झकास होती की काय सांगू. पण ह्यांच्या लेखी नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मला वाटलं, पोरीची उंची हे निमित्त. ह्यांना स्वतःच्या हाताला जुन्या जीपसारखी लागेल ती हवी, दुसरं काय?

दुपारच्या एसटीनं आम्ही कंधारला गेलो. तिथं अमृतराव म्हणून सीताफळाचे बागायतदार आपली पांढरी गाडी विकणार होते. आठ वर्षं वापरलेली, टणक, वर पक्कं छत. मुलाकडं पुण्याला राहायला जायचं म्हणून विकत होते. माणूस तालेवार, पण बोलायला मोकळा.

"या वैजनाथअप्पा! नाव लई ऐकलं तुमचं. चहा घेऊ, मंग बघा."

"आधी बघू," हे म्हणाले आणि चपला काढून गाडीखाली.

या वेळी खाली बराच वेळ होते. मग हे निघाले आणि त्यांच्या तोंडावर ते जुनं हसू होतं, मी ओळखते ते.

"दीड वीत. चिखल हाय, गंज न्हाई. छोटा गिअर हाय. मागं हादरवणारे पाटे न्हाईत, मऊ स्प्रिंगा हायत, हिचे गुडघे वाचतील. अन् असल्या गाडीचं काम करणारा मिस्त्री किनवटातच हाय." मग माझ्याकडं वळले. "चढ बरं आत. आता उतर. पुन्यांदा चढ."

"साकु!" तिसऱ्या वेळी मी ओरडले. माहेरचं कानडी माझ्या तोंडात रागानंच येतं. "पुरे झालं. मी काय पोतं आहे का चढवायला-उतरवायला?"

"चढलीस ना पण एकटी? झालं तर मंग."

पुढं शिवानीची पाळी. तिला स्टेपनीचे नट स्वतः ढिले करायला लावले. हातानं जमेना, तर पान्यावर पाय देऊन उभं राहायला सांगितलं. नट करकरला आणि सुटला.

"हां. वजन वापरायचं, ताकद न्हाई," हे म्हणाले. मग तिला चाकामागं बसवून पुन्हा तोच प्रश्न. "टोक दिसतं का?"

"दिसतं अप्पा. दोन्ही कोपरे दिसतात!"

अमृतराव म्हणाले, "आता चढावर घेऊन बघा की. बागंच्या मागं मुरमाचा चढ हाय. आमचा ट्रॅक्टर बी घाबरतो त्याला. वाट आमचीच हाय, कुणी येत न्हाई मधी."

किल्ली ह्यांच्या हातात आली. मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. माझीच मला चीड आली. ह्यांनी अनवाणी पाय पेडलवर ठेवले. चप्पल घालून गाडी कळत नाही म्हणतात, यंत्राची थरथर तळपायाला लागावी लागते. शिवानी शेजारी, मी मागं देवाचं नाव घेत.

वाट अरुंद, दोन्ही बाजूंना बाभळीच्या काट्यांचं कुंपण. अर्ध्या वाटेवर डावा आरसा काट्यांत घुसला आणि कर्रकन आवाज करत आत मुडपला.

"काय बाई ही वाट!" शिवानी म्हणाली आणि हसली.

हे हसले नाहीत. उजव्या बाजूला दीड हात जागा रिकामी होती, ती मला मागून दिसत होती.

चढाच्या पायथ्याशी त्यांनी गाडी थांबवली, हातब्रेक ओढला आणि खाली उतरले. पुढून वळसा घालून डाव्या चाकाशी गेले आणि उकिडवे बसले. जुन्या जीपला पुढच्या चाकाच्या मधोमध एक चकती असायची. ती हातानं फिरवल्याशिवाय पुढची चाकं ओढायचीच नाहीत. एकतीस वर्षं, घाट आला की हे उतरायचे, दोन्ही चकत्या फिरवायचे, मग चढायचे. या गाडीला तसलं काही नाही, आतला दांडा ओढला की झालं. अमृतरावांनी आम्हाला सांगितलंही होतं. हे मात्र हात चाकाच्या टोपणावर ठेवून तसेच बसून राहिले.

"अप्पा, आतनं हाय ते!" शिवानी आतून ओरडली.

उठेनात. मग मीच दार उघडून उतरले, गुडघे गेले चुलीत, आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

"अहो," मी हळू म्हणाले, "पँट धुवायला काढली तेव्हा मला कागद सापडला होता."

"म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"घडी उलटी घातलीस तू. माझ्या घडीत डॉक्टरचं नाव वर होतं."

मला हसावं की ह्यांच्या पाठीत धपाटा घालावा, कळेना. महिनाभर दोघंही एकाच कागदावर बसून अंडी उबवत होतो.

"मग बोलला का नाहीत? सकाळपासून गाड्यांखाली लोळताय ते कशाला? पोरीला घेऊन घाट चढणार होतात का असे?"

"पोरीच्या उंचीची गाडी शोधून राहिलो ना!" ते एकदम चिडून म्हणाले. "माझ्या उंचीची घ्यायची असती तर तिला कामून बसवून बघितलं असतं? तुला कामून तीनदा चढवलं असतं? म्या नसताना तुमी दोघींनीच जायचं हाय ह्या गाडीत."

मग सगळं एकदम माझ्या ध्यानात आलं. बॉनेटचं टोक, स्टेपनीचा नट, मिस्त्री, माझे गुडघे. शिक्षिका म्हणवते मी स्वतःला! समोर फळ्यावर लिहिलेलं वाचता आलं नाही मला.

"एक चढ तेवढा चढायचा होता," ते टोपणावरून हात फिरवत म्हणाले. "शेवटचा म्हणून. काट्यात आरसा गेला तवाच कळलं, तो बी आपला न्हाई."

ते उठले. हात पँटला पुसले, आणि आवाज चढवला, अगदी खात्यातला.

"शिवे! उतर. स्टिअरिंगवर बस."

"मी? अप्पा, ह्या चढावर?"

"ह्याच चढावर. माझा डावा डोळा कामातून गेलाय. डॉक्टरनं लिहून दिलंय. ह्याच्यापुढं गाडी तुझी."

पोर पांढरीफटक पडली. आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. तिला रडायला सवडच दिली नाही ह्यांनी. "चप्पल काढ," म्हणाले. "दांडा मागं ओढ. छोटा गिअर. क्लच सोडला की इसरून जा त्याला, मधी पाय लावायचा न्हाई. गाडी चढती, आपण नुसतं बसायचं असतं."

आणि हे चढ चढून वर गेले, वरच्या टोकाला मधोमध उभे राहिले, आणि दोन्ही हात उचलून इशारे करायला लागले. येऊ दे. येऊ दे. उजवीकडं जरा. तसंच. एकतीस वर्षांत ह्या माणसानं क्लीनरचं काम कधी केलं नाही. साहेब म्हणाले तरी नाही. "ड्रायव्हरचा हात स्टिअरिंगवर, हवेत न्हाई," असं सांगायचे. आज हवेत होते दोन्ही हात.

गाडीनं गुरगुर केली, मुरूम उडवला, मधे एकदा अडली. शिवानीनं क्लचला पाय लावला नाही. पुढच्या चाकांनी पकड घेतली आणि गाडी तोंड वर करून निघाली ती थेट वर, ह्यांच्या पायापासून दोन हातांवर येऊन थांबली. हे तसूभर हलले नव्हते.

"जमलं की गं!" मी खालून ओरडले. अमृतराव बागेतून टाळ्या वाजवत होते. शिवानी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होती, आणि हे खिडकीत हात घालून तिच्या पाठीवर थोपटत होते.

कागदपत्रं नावावर व्हायला बारा दिवस लागले. मग सोमवार बघून गाडी आणायला पुन्हा कंधारला गेलो. अमृतरावांच्या मंडळींनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. ह्यांनी घरून विभूती आणली होती. तीन बोटं बुडवून बॉनेटवर तीन आडव्या रेघा ओढल्या. मग आत वाकून स्टिअरिंगवर ओढल्या, जरा जास्तच सावकाश.

मग गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी आले, आणि चढून बसले. चपला पायातच होत्या. मी मागं बसले आणि बराच वेळ त्या चपलांकडंच बघत राहिले. एवढ्या वर्षांत गाडीत बसलेल्या ह्यांच्या पायात मी चप्पल कधी पाहिली नव्हती.

बागेची वाट संपून मोठा रस्ता आला तिथं शिवानीनं गाडी थांबवली. उजवीकडं नांदेडच्या बाजूला वळायचं होतं. तिनं उजवीकडं बघितलं. डावीकडं तिला तिचं दिसत असणार, चांगली तरुण नजर आहे. तरी म्हणाली,

"अप्पा, डावीकडून कोणी येतंय का बघा."

ह्यांनी नुसते डोळे फिरवले नाहीत. कंबरेपासून सगळे वळले, दाराला छाती टेकवली, काच खाली केली आणि मान बाहेर काढून बघितलं. मागं अमृतरावांच्या ट्रॅक्टरनं दोनदा हॉर्न दिला. ह्यांनी घाई केली नाही.

"थांब," म्हणाले. "सायकल हाय एक. म्हातारा माणूस हाय, त्याला जाऊ दे."

सायकल हळूहळू पुढून गेली.

"हां. आता मोकळं हाय. चल."

आणि शिवानीनं गाडी काढली.