रोदिओनचं झाड

"आपा, हात काढ. बोटं तुटतील."

वेन्याने कुऱ्हाड डोक्यावर उचलून धरली होती आणि काम्शात आपाने हातमोजा काढून आपला उघडा पंजा झाडाच्या बुंध्यावर ठेवला होता. बरोबर जिथे घाव पडायचा तिथेच.

"तोड की," आपा म्हणाली. "चहा ओतायला डावा हात पुरतो."

भर दुपार होती, पण सूर्य सरकारी कारकुनासारखा नुसती हजेरी लावून बसलेला. त्या हिवाळ्यात थर्मामीटरातला पारा खाली उतरता उतरता भिंतीच्या खिळ्याला टेकला होता म्हणतात. उंट थुंकला की थुंकी रस्त्यावर टणकन आपटायची. देश मोडून दोन वर्षं झाली होती. शहराला ऊब देणारं बॉयलरघर बंद पडलं होतं. ज्यांना रशियात कोणी काका-मामा होते, ते गाठोडी बांधून गेले. उरलेल्यांनी चौथ्या-पाचव्या मजल्यांवर पत्र्याच्या शेगड्या मांडल्या, धुराडी खिडक्यांतून बाहेर काढली आणि आधी कुंपणं जाळली, मग दारं, मग वाचनालयातले पुढाऱ्यांच्या भाषणांचे खंड. त्यांचा धूर फार, ऊब कमी.

आता उरली होती ही झाडं.

या मातीत गवतसुद्धा दहादा विचार करून उगवतं. पण इथून माणसं रॉकेटात बसून आकाशात जायची, आणि जाणाऱ्याने जाण्याआधी एक रोप लावायचं अशी रीत होती. लावून तो वर जाई. पाणी घालायला खाली आपा. तरुणपणापासून ती एकच नोकरी तिने केली होती, बादलीची. झाडांना ती माणसांच्याच नावांनी ओळखे. "निकोलायला कीड लागलीय, उद्या त्याचा हात कापते," असं ती एकदा बाजारात बोलली, तर एक नवखा अधिकारी थेट पोलीसचौकीत धावला होता.

हिवाळा लागताच आपाने प्रत्येक झाडाला चिंधी बांधली. गवताळ रानात एकटं उभं असलेलं झाड पवित्र; त्याला चिंधी बांधायची, नवस बोलायचा आणि कुऱ्हाड लावायची नाही, हे कझाक माणूस आईच्या दुधाबरोबर शिकतो. रशियन शेजारी हसले, पण तेही जरा दबूनच. कारण त्यांचे आकाशवीर रॉकेटकडे जाताना वाटेत बस थांबवून मागच्या चाकावर धार सोडतात. पहिल्याने सोडली होती आणि तो सुखरूप परतला होता, म्हणून पुढच्या सगळ्यांनी. आता असल्या लोकांनी चिंधीला अंधश्रद्धा म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

चिंधीला न जुमानणारा एकटा वेन्या निघाला. पंपाचा मिस्त्री. आपाच्या खालच्या मजल्यावर राहणारा.

"बाकीच्यांना हात लावत नाही मी," तो म्हणाला. "हे एकच. रोदिओनचं. तो तर मेला, आपा. मेलेल्याच्या झाडाची कसली राखण करतेस?"

"मेलेल्याचीच करायची. जिवंत असेल तो दुसरं लावील. रोदिओनने कुठून लावायचं?"

रोदिओनने हे रोप लावलं, तेव्हा बादली तिच्याच हातात होती. "खड्डा मोठा कर, पोरी," तो म्हणाला होता. "परत आलो की याच्या सावलीत बसून कलिंगड खायचंय मला." तेव्हा रोपाची सावली एका मुंगीलाही पुरली नसती. सगळे हसले होते. रोदिओन गेला तो उभा, हात हलवत. परतला तो बंद पेटीत. त्या दिवसापासून त्याच्या झाडाला एक बादली जास्त मिळे.

वेन्याची कुऱ्हाड हळूहळू खाली आली.

"ल्यूबाच्या छातीत घरघर लागलीय," तो म्हणाला. "उशाशी ठेवलेलं पाणी गोठतं. डॉक्टर म्हणतो, बायकोला ऊब द्या. औषध नाही म्हणाला, ऊब. ती गेली तर तिच्या जागी काय लावू मी? सांग ना, आपा. तुला झाडांचं फार कळतं."

आपाने बुंध्यावरून पंजा काढला. सालीला चिकटलेली कातडी जराशी मागे राहिली.

"चल," ती म्हणाली. "कुऱ्हाड घे बरोबर."

ती पुढे चालू लागली. तिच्या वेणीच्या टोकाला किल्ली बांधलेली होती, ती पावलागणिक कोटाच्या पाठीवरच्या बटणावर किणकिण वाजत होती. जिना चढताना हा आवाज आला की अख्ख्या इमारतीला कळे, आपा आली.

किल्ली संदुकीची. संदूक आईने लग्नात दिलेली. तुतीच्या लाकडाची, वर उंटाच्या हाडाची नक्षी. लग्न होऊन ती या शहरात आली, तेव्हा बापाने संदूक उंटावर लादून आणली होती. पहिला माणूस आकाशात गेला, त्या सकाळी बाप म्हणे त्याच उंटावर होता. क्षितिजावर दुसरा सूर्य उगवलेला पाहून त्याने उडी मारून जमिनीला कपाळ टेकवलं, आणि शेजारी बघतो तर उंटानेही गुडघे टेकलेले. हे तो मरेपर्यंत शपथेवर सांगे. आईचं म्हणणं, उंट म्हातारा होता, दमून बसला असेल.

आपाने संदुकीवरची गोधड्यांची चळत उतरवली. वेणी पुढे ओढून किल्ली लावली. आतलं सामान काढून अंथरुणावर ठेवलं: आईची मखमली बंडी, नवऱ्याचा पट्टा, साखरेची पुडी.

"उचल."

वेन्या जागचा हलेना. "आपा, नको. ही तुझ्या आईची..."

"आई गेली तेव्हा बरोबर नेली नाही तिने. मला तरी कोण नेऊ देणार आहे?"

"मी झाड तोडायला आलो होतो. तुझं घर नाही."

"मग घरी जाऊन ल्यूबाला सांग, की वेन्याला लाज वाटली म्हणून तू मर." आपाने संदुकीची एक कडी धरली. "धर त्या बाजूने. आणि फोडायची ती खाली अंगणात. इथे नाही."

अंगणातून पहिला घाव ऐकू आला, तेव्हा आपाने चहाला पाणी ठेवलं. चहा करून प्यायली नाही.

ती संदूक बर्फ वितळेपर्यंत पुरली, असं शहरात सांगतात. लाकडाचा हिशेब लावला तर दोन-तीन दिवसांची गोष्ट. पण ल्यूबा वाचली, म्हणजे पुरली असेल.

बर्फ गेल्यावर वेन्याने नदीकाठचा मेलेला पंप उघडला. सुटे भाग कुठून आणले ते त्याने कोणाला सांगितलं नाही. मात्र त्याच सुमारास एका मोठ्या साहेबाची मोटार सुरू व्हायची थांबली. झाडांच्या चरात पाणी खळखळू लागलं.

उन्हाळ्यातल्या एका दिवशी नवे लोक वर जायचे होते. शहरात उरलेसुरले सगळे झाडांच्या रांगेत जमले. ल्यूबा काठी टेकत आली आणि रोदिओनच्या सावलीत बसली. आपाने कलिंगड कापून पहिली फोड तिच्या हातात दिली.

"वेन्या म्हणतो, लाकडं डेपोतून आणली होती," ल्यूबा म्हणाली. "तुतीचा वास यायचा, आपा. आमच्या डेपोत तुती कधीपासून आली?"

"बायकोने नवऱ्याच्या बोलण्याचा वास घेऊ नये. खा."

वेन्या लांबच्या झाडाची चिंधी नीट करण्यात फार गढून गेला.

आणि तेवढ्यात क्षितिज पेटलं. आवाज अजून वाटेत होता. नुसता उजेड वर चढत होता, इतका शांत की कलिंगड खाणाऱ्यांची तोंडं तशीच थांबली. आपाने इतक्या वर्षांत किती पाहिले असतील. तरी प्रत्येक वेळी तिचे गुडघे आपोआप वाकू पाहत, आणि मग बापाचा उंट खरंच दमला नव्हता अशी तिची खात्री पटे. त्या ठिणगीत माणसं बसली होती. काल इथेच हात मातीने माखून उभी होती.

मग आवाज पोहोचला. वारा मुळीच नव्हता, पण रांगेतल्या झाडांचं पान न् पान थरथरू लागलं. जे परतले त्यांचं, जे परतले नाहीत त्यांचंही. आपाने पंजा रोदिओनच्या बुंध्यावर ठेवला. बुंधा आतून गुणगुणत होता.

ल्यूबा आकाशाकडे बघायची थांबली. तिला जवळच काहीतरी किणकिणताना ऐकू येत होतं. आपा वाकून उभी होती, तिची वेणी बादलीवर लोंबत होती, आणि वेणीच्या टोकाची किल्ली बादलीच्या काठावर वाजत होती.

उजेडाचा ठिपका दिसेनासा झाला. किल्ली थांबली. आपाने वेणी पाठीवर टाकली आणि चरात बादली बुडवली.