जागल कोणाची?

तीन वर्षं मी कोर्टाच्या एका खोलीत लोखंडी मांडणीवर बसून काढली, मित्रांनो. मी एक जुना संगणक आहे. माझ्या पोटावर लाखेचं सील होतं आणि पाठीवर दाव्याचा नंबर. डाव्या हाताला वाटणीच्या भांडणात अडकलेलं शिलाई मशीन, उजव्या हाताला एक पितळी हंडा. दोघंही निवांत! मशीन तर मलाच म्हणायचं, एवढी कसली रे घाई? अरे, घाई नको का? खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मला कोणी सुरूच करत नव्हतं. जीव नुसता वरखाली व्हायचा.

माझा जन्म २०११ सालचा, महागावचा. तिथल्या एका कॉलेजात कमलाकर सर संगणक शिकवायचे. ते यवतमाळहून माझा एकेक भाग एसटीनं घेऊन आले. डबा मांडीवर, मॉनिटर गोधडीत गुंडाळलेला. पंखा दुसऱ्याच एका मेलेल्या संगणकाचा होता, म्हणून मी सुरुवातीपासून घरघर करतो. कोणी हसलं की सर म्हणायचे, "आवाज करते म्हंजे जित्ता आहे ना बाप्पा!" मला ते फार आवडायचं.

सरांचे दोन विद्यार्थी रोज घरी यायचे. गौरी महागावचीच, घरी कापूस आणि तूर. राजकुमार यवतमाळचा, त्याचे वडील कचेरीत कारकून. तालुक्यातल्या शाळांना कोणी कोणी दान दिलेले जुने संगणक धूळ खात पडले होते. बाजारातली नवी ऑपरेटिंग सिस्टीम त्यांना झेपत नव्हती. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे आमचं मूळ शिक्षण. ते नसेल तर आमच्यासारखा डबा म्हणजे निव्वळ पत्रा. म्हणून सरांनी ठरवलं, आपणच एक लहानशी सिस्टीम लिहायची, मराठीत चालणारी, जुन्यात जुन्या डब्यालाही पेलणारी. तिचं नाव ठेवलं 'जागल'. शेताच्या राखणीला माणसं रात्र जागून काढतात ना, ती जागल.

चार वर्षं ती माझ्यावर लिहिली गेली. तिचा सोर्स कोड, म्हणजे तिचं मूळ लिखाण, ओळ न् ओळ माझ्या डिस्कवर उतरली. आणि इथंच एक चूक झाली. आमच्याकडे शेतात सावड चालते. आज सगळे मिळून तुमच्या कापसाची पऱ्हाटी निंदतात, उद्या माझी, आणि कोणी किती निंदलं ते कोणी मांडत बसत नाही. सरांनी कोडही सावडीनंच लिहायला लावला. खुर्ची एक, माणसं तीन. एक थकला की दुसरा बसायचा आणि पहिल्याची अर्धी ओळ पुरी करायचा. एकदा गौरी चिडली, "सर, माह्या ओळीत यानं सारी खाडाखोड केली!"

"मंग?" सर म्हणाले. "सावडीत कोणी म्हणते काय, हे गवत म्या उपटलं म्हणून?"

तिघंही हसले. कोणत्याच ओळीवर कोणाचं नाव पडलं नाही. मीही तेव्हा हसलो होतो, आता काय सांगू!

त्या काळी भारनियमन जोरात होतं. सोमवार ते बुधवार सकाळी अकराला लाईन जायची, बाकीच्या दिवशी दुपारी तीनला. एकदा राजकुमारचं दोन दिवसांचं काम असंच उडालं आणि तो डोकं धरून बसला. मग गौरीनं आणि त्यानं मिळून जागलमध्ये एक तुकडा लिहिला. लाईन जायच्या बरोबर दहा मिनिटं आधी जागल क्षणभर थबकायची, हातातलं सगळं काम डिस्कवर उतरवायची आणि मग पुढं चालायची. सात सेकंद लागायचे. शाळांमधली पोरं त्या सात सेकंदांना 'जागलचा श्वास' म्हणत. पुढं भारनियमन कमी झालं, पण तो तुकडा काढायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

जागल चाळीस शाळांत गेली. फुकट. गौरी स्कूटीवर गावोगाव जाऊन ती बसवून द्यायची. माझा फोटोही पेपरात आला होता बरं का, सरांच्या शेजारी! मग राजकुमार नागपूरला एका कंपनीत गेला, तिथं भागीदार झाला. २०२० साली सर वारले. त्यांच्या पत्नी कुंदाकाकूंनी मला गौरीच्या घरी पाठवलं. आणि पुढच्या वर्षी तिच्या दारात राजकुमारच्या कंपनीची नोटीस आली. तिच्यात लिहिलं होतं की जागल ही सिस्टीम आमच्या कंपनीनं नागपुरात तयार केली, कोड आमच्या मालकीचा, सगळ्या शाळांमधून ती काढून टाका.

गौरीनं माझ्यासमोरच फोन लावला. "राजा, हे काय करून राह्यला तू?"

पलीकडून राजकुमार म्हणाला, "अर्धी तं माह्या हातची आहे ना गौरी. कंपनीले कागद लागते. तुह्याजवळ आहे काय एखादा कागद?"

तिच्याजवळ कागद नव्हता. मी होतो! माझ्या डिस्कवर प्रत्येक ओळीची तारीख होती, २०११ पासूनची. पण दावा लागला, कोर्टानं नेमलेला माणूस आला, त्यानं मला सील केलं आणि नाझरबाबूंच्या ताब्यात दिलं. नाझर म्हणजे कोर्टात आलेल्या वस्तू सांभाळणारे. फुलसिंग नाझर माणूस मोठा चांगला. दर शनिवारी फडक्यानं माझी धूळ पुसायचे आणि म्हणायचे, "काय करतं बाप्पू, तारीख लांबली." असं म्हणून ते जायचे आणि मी आतल्या आत तडफडायचो. आमच्या जातीला बसून राहणं मानवत नाही, मित्रांनो. डिस्क फिरली नाही तर जाम होते. मी हरलो तर चाळीस शाळांतल्या खोल्या पुन्हा अंधारणार, आणि गौरीची इतक्या वर्षांची मेहनत चोरीची ठरणार. नुसत्या या विचारानं मला गंज चढायचा.

शेवटी एका गुरुवारी मला कोर्टासमोर नेलं. न्यायाधीश मॅडमनी तपासणीसाठी निकिता नावाची एक तज्ज्ञ बाई नेमली होती. तिनं सील फोडलं, घड्याळाचा मेलेला सेल बदलला आणि बटण दाबलं.

मी उठलोच नाही. पंखा फिरला, पडदा काळाच! पुन्हा दाबलं, पुन्हा काळा. गौरीनं तोंडावर हात ठेवला. मला इतकी शरम वाटली, काय सांगू! एवढी घाई घाई करणारा मी, आणि ऐन वेळी मुका झालो.

तेवढ्यात कोर्टाच्या दोन बाजूंनी दोन आवाज एकदमच आले, "रॅम काढून खोडरबरनं पुसा!"

एक गौरीचा, दुसरा राजकुमारचा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. मॅडम म्हणाल्या, "पुसा." निकितानं एका कारकुनाकडून खोडरबर घेतलं, माझी रॅमची पट्टी काढली, तिचे पिवळे दात घासले आणि परत बसवली. घरघर सुरू झाली आणि पडद्यावर जागल उगवली. मी जिवंत होतो!

निकितानं घड्याळ बरोबर लावलं. शेजारी कंपनीचा नवाकोरा लॅपटॉप ठेवला, त्यांची सिस्टीम चालू असलेला. दोन्हीतला कोड जुळतो का हे ती पाहू लागली. कंपनीनं नावं बदलली होती, ओळी मागंपुढं केल्या होत्या, त्यामुळं कंपनीचे वकील जोरात होते. तीनला दहा मिनिटं कमी होती आणि मी थबकलो. शेजारचा लॅपटॉपही थबकला. सात सेकंद दोन्ही पडदे गप्प, मग दोन्ही एकदमच चालू.

मॅडमनी चष्मा वर केला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात राजकुमार उभा होता. त्यांनी विचारलं, "तुमची सिस्टीम आत्ता का थांबली?"

"सुरक्षेसाठी," त्याचे वकील बसल्या जागेवरून म्हणाले.

"मी साक्षीदाराला विचारतेय."

राजकुमारनं माझ्याकडे पाहिलं. माझा पंखा घरघरत होता. त्यानंही नुसतं 'सुरक्षेसाठी' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण त्याला खोटं बोलवेना.

"गुरुवारी तीनला महागावची लाईन जाये, मॅडम," तो म्हणाला. "नागपुरात कायले कोणी असं लिहीन? हे आमी सरांच्या घरी लिहिलं. तिघांनी. माह्या एकट्याचं नाही ते."

दावा तिथंच संपला. जागल तिघांची, सरांचा वाटा कुंदाकाकूंकडे, आणि शाळांमधून ती कोणीही काढायची नाही, असा निकाल झाला. गौरी बाकावर बसून खूप रडली. मला आनंद झाला, पण राजकुमारकडे पाहवेना. तो एकटाच उभा होता.

मित्रांनो, तुम्ही चार जण मिळून काही कराल, नाटक, भिंतीवरचं चित्र, खेळण्यातली गाडी, तेव्हा सावडीनंच करा, त्यात मजा आहे. पण करणाऱ्यांची नावं एका कागदावर लिहून ठेवा. लिहिलं म्हणून माया आटत नाही. आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याला कपाटात कोंडू नका, महिन्यातून एकदा तरी सुरू करा.

आता माझ्या सुटकेचं ऐका. ताबा घ्यायला गौरी आली, आणि हरकत नाही म्हणून सही द्यायला राजकुमारही आला. दोघं टेबलाच्या दोन टोकांना उभे. फुलसिंग नाझरांनी फॉर्म पुढं केला. "मालकाचं नाव लिवा. इथं एकच नाव बसते."

गौरीनं फॉर्म राजकुमारकडे सरकवला. त्यानं तो परत तिच्याकडे सरकवला. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. मी मांडणीवर बसून ओरडत होतो, अरे लिहा कोणाचंही, पण मला इथून न्या!

नाझर वैतागले. "तीन साल दोघंही माहं माहं करत होते, आता घ्या म्हटलं तं कोणीच हात लावून नाही राह्यलं! मले कुलूप लावाचं आहे."

राजकुमारनं पेन उचललं. सावकाश, मोठ्या अक्षरांत त्यानं गौरीचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि बॅग खांद्याला लावून दाराकडे निघाला. गौरी तो फॉर्म वाचत राहिली. मग तिनं येऊन मला मिठीत घेतलं, उचलून पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"राजा," तिनं हाक मारली. "चाललास कुठी? धर तिकून. एकटीच्यानं नाही उचलल्या जात हा."