शून्य नंबरची कार्डं

चष्मेवाल्या काकांनी फॉर्म टेबलावर सपाट केला, त्यावर भिंग धरलं आणि ओळीओळीने सरकत सहीच्या चौकटीपाशी येऊन थांबले. समोर वकीलबाई पेनाचं टोपण काढून तयार बसल्या होत्या. मुदत पाच वाजता संपत होती आणि दुकानातल्या घड्याळात साडेतीन होऊन गेले होते.

"एवढी स्तुती? वाचून माझी मलाच ओळख पटेना."

"एक शब्द वाढवलेला नाही," वकीलबाई म्हणाल्या.

ते खरंच होतं. मानवाधिकारांच्या कामासाठी दरवर्षी एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार दिला जाई आणि यंदा त्यासाठी नाव सुचवायचा मान वकीलबाईंच्या छोट्याशा संस्थेला मिळाला होता. काका नऊ वर्षं दर महिन्याला तुरुंगात जाऊन कैद्यांचे डोळे तपासत, चष्मे फुकट देत. प्रत्येकाचं एक कार्ड होई. नाव, वय, तारीख, चष्म्याचा नंबर. कार्डांची प्रत वकीलबाईंकडे येई. तुरुंगाने कोर्टाला दिलेल्या यादीशी त्या ती नावं ताडून पाहत. यादीत नसलेला माणूस सापडला, की कार्डाचा उल्लेखही न करता कोर्टात अर्ज करत : अमुक माणसाचा शोध अमुक तुरुंगात घ्यावा. ज्यांना आपण उचललंच नाही असं पोलीस छातीठोकपणे सांगत, अशी एकतीस माणसं या मार्गाने घरी परतली होती.

काकू चहाचा ट्रे घेऊन आतून आल्या.

"झाली सही? निळा कोट मी कालच ड्रायक्लीनला दिलाय."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी सांगायला कशाला हवं? जन्मभर दुसऱ्यांची नाकं मापलीत. आता चार लोकांना तुमचंही नाक दिसू दे."

वकीलबाईंना हसू आलं. काकांनाही आलं, पण त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि फॉर्म हलकेच परत सरकवला.

"सही नाही करत मी."

"लाजताय?"

"लाज कसली! मला आवडलं असतं. लोक टाळ्या वाजवताहेत आणि आपण स्टेजवर उभे, हे कोणाला नको असतं?"

"मग भीती वाटते? उलट, नाव जगभर झालं की माणसाला हात लावायला कोणी धजत नाही."

"मला कोण हात लावतंय? सत्तरीच्या चष्मेवाल्याला आत टाकून करायचं काय? मला काळजी आहे ती दुसऱ्याची."

काकांनी खण उघडून कार्डांचा एक गठ्ठा काढला आणि त्यातली सात-आठ टेबलावर मांडली.

"इथे नंबर काय लिहिलाय?"

"शून्य."

"म्हणजे?"

"तपासणी राहून गेली असेल. वेळ अपुरा पडत असेल तुम्हाला. मी पहिल्यापासून तेच समजतेय."

"तपासणी राहिली तर मी जागा कोरी सोडतो, बाई. शून्य म्हणजे डोळे ठणठणीत. चष्म्याची गरजच नाही. मला वाटायचं, तुम्हाला कळतंय."

वकीलबाईंनी कार्डं जवळ ओढली. सगळी नावं ओळखीची होती. या माणसांच्या बायका, भाऊ, म्हाताऱ्या आया त्यांच्या ऑफिसातल्या बाकावर बसून रडल्या होत्या. त्यांनी उरलेला गठ्ठाही चाळला. घरी परतलेल्यांपैकी दोघातिघांचा अपवाद सोडला तर सगळ्यांपुढे शून्य होतं.

"मग हे चष्म्याच्या रांगेत आले कसे?"

"कैदी काही आपल्या मर्जीने येऊन बसत नाहीत. आतलं कोणीतरी आणून बसवतं. यादीत ज्यांचं नावच नाही, नेमके त्यांचेच डोळे दुखायला लागतात."

"कोण आहे?"

"माहीत नाही. माहीत करूनही घेतलं नाही. मी तिथे मान वर करत नाही. पण तुमच्या फॉर्मातली ही कार्डांची गोष्ट उद्या छापून आली, की रांग कोण लावतं ते शोधायला तुरुंगाच्या साहेबांना एक दिवस पुरेल."

काकू ट्रे हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

"नऊ वर्षांत मला कधी बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तू त्याचाही कोट ड्रायक्लीनला दिला असतास."

"दिलाच असता," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपत हसायला लागल्या.

आपण काय करून बसणार होतो, हे लक्षात येताच वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला. मग मात्र त्यांना फार बरं वाटलं. हे काम आपण दोघंच रेटतोय असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. तिसरं माणूस पहिल्यापासून बरोबर होतं आणि त्याला फॉर्म नको होता, सही नको होती. केस जिंकल्यावरही त्यांना इतका आनंद झाला नव्हता. त्यांनी फोन काढला आणि पुरस्कार समितीला दोन ओळी लिहिल्या : आमच्या संस्थेकडून या वर्षी नाव नाही. क्षमस्व.

मग तिघांनी चहा घेतला. तो गार झाला होता, तरी कोणी कुरकुर केली नाही.

"कालच्या फेरीची कार्डं झाली?" वकीलबाईंनी विचारलं.

"झाली. अकरा जण होते."

"त्यात शून्य किती?"

"चार."

वकीलबाईंनी वही उघडली. या वेळी यादीशी ताडून बघायची गरज नव्हती.

"आधी ते चार सांगा."