विनीचं ‘फाइन’

माझी शेजारीण विनिफ्रेड हर्स्ट एक्क्याऐंशी वर्षांची आहे. ‘कशी आहेस?’ असं कुणीही विचारलं की जन्मभर तिनं एकच उत्तर दिलंय : फाइन. नवऱ्याला पुरून आलो त्या संध्याकाळीही हेच. इंग्लंडातल्या आमच्या यॉर्कशरमध्ये या शब्दाचा अर्थ ‘मी बरी आहे’ असा क्वचितच होतो. ‘विचारलंस तेवढं पुरे, आता खोलात शिरू नकोस,’ असा होतो. इथल्या शाळकरी पोरांनाही हे कळतं. सरकारी कचेरीत बसलेल्यांना मात्र कळत नाही.

विनीनं अडतीस वर्षं लोकरीच्या गिरणीत रफूचं काम केलं. मागावरून उतरलेल्या कापडात धागा तुटलेला असला की ती तो असा विणून द्यायची की भिंगातूनही सापडू नये. आता तीच बोटं संधिवातानं आखडलीत. सकाळी एक मदतनीस बाई येऊन तिला अंघोळ घालायची, कपडे चढवायची, न्याहारी द्यायची. फेब्रुवारीत ही मदत देणाऱ्या कचेरीतून फेरतपासणीचा फोन आला. मी तिच्याच स्वयंपाकघरात स्ट्यू गरम करत होते. विनीला फोन कानाशी धरवत नाही, म्हणून आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवलेला.

“हर्स्टबाई, कशा आहात?” पलीकडून एका मुलीनं विचारलं.

“फाइन गं पोरी. तू कशी आहेस?”

“जेवण कसं जातं?”

“फाइन करून दिलं तर जातं.” मांस अगदी बारीक चिरण्यालाही आम्ही फाइनच म्हणतो.

“घराबाहेर पडता?”

“फाइन दिवस असला तर फाटकापर्यंत जाते.” म्हणजे ऊन असलं तर. आमच्याकडे ऊन किती दिवस पडतं ते मी सांगायला नको.

“आणि अंघोळ?”

 अनोळखी पोरीला फोनवर आपल्या अंघोळीबद्दल काय सांगणार? विनी टेबलक्लॉथवरची सुरकुती मनगटानं सारखी करत म्हणाली, “चाललंय. फाइन.”

मी डावानं स्ट्यू ढवळत उभी होते. एक शब्द बोलले नाही. वाटलं, तिचं तिला बोलू दे. ते मला अजून सलतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्रकृती : फाइन. जेवण : फाइन. बाहेर जाणे : फाइन. अंघोळ : फाइन. ‘ही माहिती आपण स्वतः दिली असून एक तारखेपासून मदत बंद करण्यात येत आहे.’

“नोरीन, मी असं कुठं म्हटलं गं?” विनी पत्राकडे बघत राहिली.

“म्हटलंस. चारदा म्हटलंस,” मी म्हणाले, “पण ऐकणारीला काय कान नव्हते?”

मदत बंद झाल्यावर मी सकाळी मदतीला यायचं म्हटलं, तर विनीनं साफ नकार दिला. शेजारणीनं आपल्याला उघडं बघावं हे तिला सहन होणार नव्हतं. नवव्या दिवशी तिचे पडदे अकरा वाजले तरी उघडले नाहीत. माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडून आत गेले तर ती न्हाणीघराच्या फरशीवर पडलेली, अंगावर टॉवेल ओढून घेतलेला. ओठ निळे झालेले.

“विनी! कुठं लागलंय?”

“फाइन आहे मी. आधी दार लाव, वारा येतोय.”

“पुन्हा हा शब्द काढलास ना, तर तुला इथंच टाकून जाईन बघ!” मी ओरडले, आणि मग तिच्याशेजारी फरशीवर बसून रडले. तिच्या कंबरेचं हाड तडकलं होतं.

मी अपील केलं. फोनचं ध्वनिमुद्रण मागवून घेतलं. मे महिन्यात सुनावणी झाली. तीन जणांचं मंडळ होतं, मधे पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. कचेरीचा माणूस टाय नीट करत म्हणाला, “शब्द स्पष्ट आहेत. आम्ही बाईंचंच म्हणणं लिहून घेतलं.”

“तुम्ही इथलेच ना?” मी उठून विचारलं.

“हो, पण त्याचा काय संबंध?”

“तुमची आई फोनवर फाइन म्हणाली की तुम्ही फोन ठेवून मोकळे होता?”

त्याचे कान लाल झाले. अध्यक्षबाईंनी मला खाली बसवलं आणि ध्वनिमुद्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग त्या विनीकडे वळल्या. “हर्स्टबाई, आज कशा आहात?”

“फाइन,” विनी म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

अध्यक्षबाईंनी काही लिहिलं नाही. “इथं उकडतंय. कोट काढता का?”

विनी बटणाशी झटू लागली. पहिलं बटणच निघेना. मी पुढं सरकले, तर अध्यक्षबाईंनी हात वर करून मला थांबवलं. विनीची बोटं त्याच बटणावरून पुन्हा पुन्हा घसरली. कचेरीचा माणूस कागद चाळायला लागला.

“मान खाली घालू नका, इकडं बघा!” विनी एकदम कडाडली. तिचा असा आवाज मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. “लोकांच्या कापडातले दोष कुणाला दिसू नयेत म्हणून जन्मभर सुई चालवली मी. आणि माझे तुम्ही असे चारचौघांत उघडे करताय? बघा मग. नाही निघत बटण. अंघोळ करता येत नाही. दोन दिवस तेच कपडे घालून झोपते मी. लिहा!”

मंडळानं निकाल तिथंच दिला. मदत पुन्हा सुरू, आता दिवसातून दोनदा. बाहेर आलो तर माझ्या गाडीच्या काचेवर जास्त वेळ थांबल्याची दंडाची पावती चिकटवलेली. तोही फाइनच, दंडालाही आमच्याकडे हाच शब्द. मी ती टराटरा फाडली. नंतर दंड भरावा लागलाच.

विनी माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही. चारचौघांसमोर तिला तसं बोलायला लागलं याचा राग तिनं माझ्यावर काढला, आणि मला तो पटला. मीच तिला तिथं नेलं होतं.

कचेरीचं पत्र जूनमध्ये आलं. ‘निर्णयात बदल करण्यात आला आहे,’ एवढंच. पडण्याचा उल्लेख नाही, माफीचा शब्द नाही. मी त्यांना लिहिलं की फोनवर विचारू नका, माणसाच्या घरी जाऊन बघा. उत्तर आलं, सूचनेची नोंद घेतली आहे. काल मी तेच लिहून तिसरं पत्र टाकलं.