दोन घास, तेही आग्रहाने

अविराजच्या डाव्या दंडाच्या मागची कातडी वैदेहीने चिमटीत धरून उचलली, कातडीखालची चरबी मोजायच्या कॅलिपरची दोन्ही टोकं त्या घडीवर टेकवली आणि मनात दोन आकडे मोजून काटा वाचला. साडेपाच मिलिमीटर. तिने घडी सोडली, कातडी पूर्ववत होऊ दिली, पुन्हा धरली. पुन्हा साडेपाच. तिसऱ्या वेळी किंचित जास्त, पाच पूर्णांक सहा. अठरा वर्षांच्या मुलाच्या मानाने चरबी अगदी कमी होती आणि मगाशी यंत्राने दाखवलेलं स्नायूंचं वजन चांगलंच जास्त. म्हणजे आलेखावर आणखी एक ठिपका, बरोबर रेषेवर. वैदेहीला तो तिथे नको होता, आणि का नको होता हे तिला सांगता येत नव्हतं.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या चौदा गावांत एक अभ्यास सुरू झाला होता. तीनशे बारा तान्ही मुलं निवडली होती. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत दर महिन्याला एक बाई घरी जाऊन विचारायची, काल दिवसभरात बाळाने काय काय खाल्लं, आणि ते कागदावर लिहून आणायची. आता ती मुलं मोठी झाली होती. इंदापुरात भाड्याच्या हॉलमध्ये एकेकाला बोलावून त्याच्या अंगात चरबी किती, स्नायू किती हे मोजायचं आणि ते जुन्या कागदांशी ताडून बघायचं, हे काम वैदेही गेलं वर्षभर करत होती. उत्तर आलं होतं आणि ते फार सरळ होतं. दुसऱ्या वर्षात ज्यांनी सगळ्यात कमी खाल्लं, त्यांच्याच अंगावर आज सगळ्यात जास्त स्नायू आणि सगळ्यात कमी चरबी होती.

विभागप्रमुख रमाकांत सर या निष्कर्षावर खूश होते. लेख लिहून तयार होता, फक्त वैदेहीचा होकार राहिला होता. तिने तीनदा मुदत मागून घेतली होती. लेख छापून आला की तिची कंत्राटी जागा कायम होणार, हे सरांनी स्पष्टच सांगितलं होतं. "आज संध्याकाळी फोन करतो," असंही सकाळी बजावलं होतं. तिने वजनं तपासली होती, यंत्र तपासलं होतं, गणित तर तीन वेळा. कुठेच चूक नव्हती. तरी तो आलेख समोर आला की तिला वाटायचं, अंग काही हवेतून वाढत नाही.

"लहानपणी तू फारच कमी खायचास," जुने कागद चाळत ती अविराजला म्हणाली. चौदाव्या महिन्याच्या पानावर लिहिलं होतं, वरण-भात दोन घास, तेही आग्रहाने. पंधराव्या महिन्याला दोन घास. सोळाव्याला अर्धी वाटी दूध, बाकी काही नाही.

शर्टाची बटणं लावता लावता अविराज थांबला. "मी? मॅडम, कागद दुसऱ्या कुणाचा आला असंल. आमची आत्या अजून सांगती, ह्याला जेवाय बसवलं की परात लपवून ठेवावी लागायची."

"तुला भरवायचं कोण?"

"आजी. आई रानात असायची. आजीलाच विचारा की, काटेवाडीत, परत जाताना तुमच्या वाटंवरच हाय घर. फकस्त उपाशी जावा, जेवल्याबिगर सोडायची न्हाय ती."

निमगाव केतकी, लासुर्णे, भवानीनगर मागे टाकत वैदेही काटेवाडीला पोचली तेव्हा दोन वाजले होते. नव्या स्लॅबच्या घरापुढच्या ओट्यावर अविराजची आजी, ठमाबाई, ढोबळी मिरच्या निवडून क्रेटमध्ये भरत होती. शेजारी दीड वर्षाची छकुली, अविराजच्या चुलतभावाची मुलगी, मांडी घालून बसली होती आणि वाटीतली दुधात कुस्करलेली भाकरी पाची बोटांनी खात होती.

वैदेहीने आपण कोण, कुठून आलो ते सांगितलं. मग सहज, बोलणं सुरू व्हावं म्हणून म्हणाली, "छान खातेय की हो."

ठमाबाईचा हात मिरचीवर थबकला. "कुठलं खाती, बाई. दोन घास खाती, ते बी लई मागं लागावं तवा."

छकुलीने वाटी पुसून काढली आणि पणजीपुढे धरली. ठमाबाईने तिकडे न बघताच ताटाखालची चतकोर भाकरी घेतली, वाटीत कुस्करली आणि वर दूध ओतलं. "बघा, ही अशी तऱ्हा. अन्नाकडं बघत न्हाय पोर."

पोर दोन्ही हातांनी खात होती. वैदेहीने मनातल्या मनात हिशेब केला, अर्धी भाकरी आणि दीड वाटी दूध, दहा मिनिटांत. म्हातारी चेष्टा करतेय का, म्हणून तिने ठमाबाईच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टेचा मागमूस नव्हता.

"आजी, पण ती खातेय ना. माझ्यासमोर खातेय."

ठमाबाईने आधी फाटकाकडे नजर टाकली, मग आवाज उतरवला. "तू शिकल्याली हायस, तुला कसं सांगू? पोराचं खाणं असं बोलून दावायचं असतं व्हय? दिष्ट लागती. मंग खरंच अन्न सोडतं पोर."

"आणि अविराजच्या वेळी? दर महिन्याला बाई येऊन विचारायच्या तेव्हा?"

"त्येला तर लई जपलं. त्येच्या आदीची दोन गेलती." तिने हातातली मिरची क्रेटमध्ये टाकली. "ती लुनावरची बाई कागद मांडीवर घिऊन बसायची. काय खाल्लं, किती खाल्लं. आता खरं सांगायचं, म्हंजी ती कागदावर घालणार, कागूद पार पुण्याला जाणार. तितं कुणाकुणाची नजर पडंल, काय नेम? मी आपली दोन घास म्हणून सोडायची. तू जेवली का पण?"

वैदेहीला हसू आलं आणि तोंडातच राहिलं. तिच्या टेबलावर तीनशे बारा मुलांचे कागद होते. त्यांतल्या किती पानांवर 'दोन घास' लिहिलं होतं ते तिने मोजलं नव्हतं, मोजावं असं कधी वाटलंही नव्हतं. तिला मागच्याच आठवड्यातलं बारामतीचं बारसं आठवलं. तिच्या पाच वर्षांच्या इराकडे बघून कुणीतरी म्हणालं होतं, तब्येत छान आहे हो हिची. आणि वैदेही, जी दृष्टबिष्ट काही मानत नव्हती, चटकन बोलून गेली होती, "कुठे हो, काही खातच नाही." इरा तेव्हा तिसरी जिलबी खात होती.

अविराजचे कागद लिहिणारी ती लुनावरची बाई, म्हाळसा, आता पिंपळीत किराणा दुकान चालवत होती. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. वैदेहीने कागद गल्ल्यावर ठेवले तशी ती अक्षर ओळखून खुलली. "माझंच हाय की. बघा कसं ठसठशीत."

"म्हाळसाताई, बायका खरं सांगत नव्हत्या, हे तुम्हाला कळत होतं?"

"न कळाय काय झालं? समोर पोर लोणी चाटतंय आन् आजी म्हणती दोन घास."

"मग तसंच का लिहिलंत?"

"तुमच्याच लोकांनी शिकवलं. तीन दिवस ट्रेनिंग दिलं. घरची बाई सांगंल तेच लिहायचं, आपल्या मनाचं घातलं तर कामावरून काढू म्हणले. मी एक अक्षर मनाचं घातलं न्हाय, मॅडम."

वैदेहीने दोन पानं उलटली. तिनेही तेच शिकवलं असतं. ती म्हणाली, "म्हणजे दोन घास लिहिलेली मुलं खरं तर पोटभर खाणारी."

"समदी न्हाय. भिमाच्या पोराला सारखे जुलाब, ते खरंच खात नव्हतं. तीबी दोन घासच म्हणायची. तिचं खरं हाय."

"आणि वाटीभर दूध, अंडं, केळं असं लिहिलंय ती?"

म्हाळसाने मान खाली घालून गल्ल्यावरचे साखरेचे कण गोळा केले. "त्येंच्यात बऱ्याच घरी दूधच नव्हतं. बाईमाणसाला लाज असती. मी काय तिला म्हणू, दाव केळं?"

वैदेहीने म्हाळसाच्या वाट्याला आलेल्या मुलांच्या नावांची यादी काढली. दोघी खुर्च्या ओढून बसल्या. म्हाळसाने अकरा नावांचं खरंखोटं धडाधड सांगितलं. बाराव्याला ती अडखळली आणि मागे जाऊन तिसरं बदललं. "थांबा, ते ह्याचं न्हाय, ह्याच्या भावाचं." मग सातवं बदललं. अर्ध्या तासाने यादीवर बरोबरच्या खुणा, फुल्या आणि फुल्यांवर ओढलेल्या रेघा यांची नुसती गिचमीड झाली होती. शेवटून चौथं नाव आलं तशी म्हाळसा म्हणाली, "हा शंभूराज. माझाच."

"त्याचं काय लिहिलंत?"

"दोन घास." ती जराशी हसली.

"आणि खरं काय होतं?"

म्हाळसाने त्या नावावर बोट ठेवलं. "आता मलाबी आठवंना. इतक्यांदा लिहिलं ना."

वैदेही यादीकडे बघत बसली. कदाचित सगळं उलटं होतं. चांगली खाणारीच मुलं अंगाने भरली होती आणि तिचा आलेख आजींच्या भीतीचा आणि आयांच्या लाजेचा होता. कदाचित अर्धंच उलटं होतं. कदाचित त्या गिचमिडीत कुठेतरी थोडं खरंही होतं, पण ते कुठे संपतं ते कोण सांगणार? रेषा उलटी करून टाकावी, असं तिला फार वाटलं. उलटी रेषा तिच्या मनासारखी आली असती. आणि मनासारखी आली असती म्हणूनच तिला तिची धास्ती वाटली.

पाच वाजता फोन वाजला. रमाकांत सर. अजून आठवडाभर द्या, हे शब्द सवयीने जिभेवर आले होते. ते गिळून तिने काटेवाडीत आणि पिंपळीत काय ऐकलं ते थोडक्यात सांगितलं.

"अगं, लोक थोडंफार चुकीचं सांगतातच," सर म्हणाले. "तीनशे जणांत ते विरून जातं."

"ठरवून एकाच बाजूला चुकले तर विरत नाही, सर."

"मग ती बाई आहे ना तिथे? तिला विचारून दुरुस्त करून घे."

"विचारलं. तिला स्वतःच्या मुलाचंही आठवत नाही."

पलीकडे सरांनी उसासा सोडला. "वैदेही, तुझी जागा याच्यावर अवलंबून आहे, हे लक्षात आहे ना?"

"आहे."

म्हाळसा पाठमोरी होऊन फळीवरचे डबे उगाचच पुढेमागे सरकवत होती.

"मग मी काय समजू?" सरांनी विचारलं. "हो, का अजून मुदत?"

"मुदत नको," वैदेही म्हणाली. "तो लेख आपण छापायचा नाही, सर. ही मुलं लहानपणी काय खात होती ते आपल्याला माहीत नाही, आणि तसं मी आजच लिहून पाठवतेय."