थोरल्याची शांतता

दार लागलं तशी खोलीतली वीस-बावीस माणसं गप्प झाली. दाराला आतून गादीसारखं जाड काळं अस्तर होतं, भिंतींनाही तेच. खिडकी नव्हती. सगळ्यांचे फोन बाहेर टोपलीत जमा झाले होते. समोर टेबलावर तीन काळी यंत्रं होती, एकापेक्षा एक मोठी. इंटरनेटवरून किंवा दुकानाच्या साठ्यातून गाणं ओढून घ्यायचं आणि स्पीकरला नाहीतर हेडफोनला द्यायचं, एवढंच त्यांचं काम. बाजारात त्यांना स्ट्रीमर म्हणतात. या खोलीत त्यांना धाकटा, मधला आणि थोरला म्हणत, आणि थोरल्याचं नाव घेताना आवाज आपोआप खाली येई.

"धाकटा गाणं वाजवतो," दुकानाचा मालक म्हणाला. सगळे त्याला कानगुरू म्हणत. पूर्वी तो पाणी गाळायची यंत्रं विकायचा. "मधला गाणं समजावतो. आणि थोरला? थोरला गेलेलं परत आणतो."

"कुठून?" मागून बेकरीवाल्यानं विचारलं.

"जिथं गेलं तिथून."

कुणी हसलं नाही. इथं येणारा प्रत्येक जण कुणाचा तरी आवाज घेऊन आला होता. बेकरीवाला भावाचा, निवृत्त मुख्याध्यापिकाबाई वडिलांचा. तिसऱ्या रांगेत बसलेले काका बायकोचा. काकांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. बायको जाऊन सात महिने झाले होते.

तिचा आवाज त्यांच्याकडे एकाच ठिकाणी उरला होता. दवाखान्यातून तिनं फोनवर पाठवलेला, जेमतेम अर्ध्या मिनिटाचा निरोप. "अहो, ऐकताय ना? पांढरे कपडे वेगळे टाका. पावडर अर्धा पेला. आधी निळं बटण, मग नळ. उलटं केलंत की पाणी बाहेर येतं, मागे आलं होतं. आणि..." त्या 'आणि'नंतर ती श्वास घेते, आणि निरोप संपतो.

धाकट्यावर तो निरोप वाजला. मधल्यावर वाजला. मग कानगुरूनं दोन्ही हात वर केले. "आता थोरला. श्वास सोडा. सोडा... अजून सोडा... आत काही ठेवू नका..."

आणि खोलीत एक शांतता उतरली. विहिरीत दगड टाकावा आणि तो तळाला लागूच नये, तशी. त्या शांततेतून ती बोलली. खाटेची कुरकुर ऐकू आली. दूर कुठे ढकलगाडीचं चाक वाजलं. शेवटचा श्वास तर असा आला, की काकांनी मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं.

मुख्याध्यापिकाबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या.

कानगुरू काकांच्या कानाशी वाकला. "काकासाहेब, त्या श्वासाखाली एक शब्द आहे. मला ऐकू येतो. पण तो तुमचा आहे, मी कोण सांगणार? थोरला घरी न्या, महिन्याभरात तो वर येईल. मात्र आधी खोली मोकळी करा. कापड आवाज पितं."

थोरल्याची किंमत एका नव्या लिफ्टएवढी होती. त्याची काकांना फिकीर नव्हती. त्यांना तो शब्द हवा होता.

त्यांनी पडदे काढले. सतरंजी गेली, गादी गेली, खुर्च्यांच्या उशा गेल्या. एकदा कानगुरू स्वतः घरी आला, खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं टाळी वाजवली. टाळी भिंतींवर आपटून परत आली. "ऐकलंत? घर बोलायला लागलं," तो म्हणाला. मग त्यानं कोपऱ्यातल्या कपाटाकडे बोट दाखवलं. "हे अजून आहे. वहिनींचे कपडे ना? त्यांचा आवाज त्यात बुडतोय काकासाहेब. त्या वाट पाहताहेत आणि तुम्ही दार लावून बसलाय."

तेव्हापासून काकांना त्या घरात राहायची भीती वाटू लागली. चाललं की पावलं दोनदा वाजत. भांडं ठेवलं की पलीकडच्या खोलीत कुणी तरी भांडं ठेवी. शेवटी त्यांनी जुने कपडे नेणाऱ्याला शनिवारी पाच वाजता बोलावलं, कपाटासकट. त्याआधी तीन वाजता शेवटची बैठक होती. ती झाली की थोरला घरी येणार होता.

शनिवारी सकाळी पुतणी आली. ती दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. दारातच ती थबकली.

"काका, घर विकलंत की काय?"

"मोकळं केलंय. यंत्र येणार आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि ऐकणार कशावर? मोठे स्पीकर आणताय?"

"छे गं, वरच्या मजल्यावर तान्हं मूल आहे. हेडफोन. तेही त्या दुकानाचेच."

"हेडफोन?" ती खाली बसली, फरशीवरच. "काका, हेडफोन म्हणजे कानावर चढवलेली खोली. तो लावल्यावर काकूचे कपडे तुमच्या कुठल्या कानात शिरतात?"

काकांनी कपाटाकडे पाहिलं.

"आणि स्पीकर असते ना, तरी मी म्हटलं असतं पडदे राहू द्या. कापडानं घुमणं कमी होतं, आवाज नीट लागतो. तुम्ही मेहनत करून घर बिघडवलंत."

"तू नव्हतीस तिथं," काका तडकले. "मी ऐकलंय! या कानांनी. तळमजल्यावर उभं राहून सातव्या मजल्यावरच्या मोटारीचा कुठला बेअरिंग गेलाय ते सांगायचो मी. मला शिकवतेस?"

"नाही शिकवत. कानांवर माझा विश्वास आहे, म्हणून विचारते. त्या खोलीत तेव्हा आणखी कसला आवाज होता?"

काका आठवू लागले. पंखा होता? हवा गार करायचं यंत्र होतं? त्यांना आठवेना. आयुष्यभर खोलीत पाऊल टाकल्याबरोबर कानांनी मोटार शोधणारा माणूस, आणि चार बैठका बसून त्याला सांगता येत नव्हतं की तिथं काय चालू होतं.

पुतणीचा आवाज मऊ झाला. "मी लोकांना कान तपासायला खोलीएवढ्या बंद पेटीत बसवते. आवाज आला की बटण दाबा म्हणते. काही माणसं काहीच वाजत नसताना बटण दाबतात. खोटं नाही बोलत ती. त्यांना ऐकू यायला हवं असतं."

काका उठले. हत्यारांच्या पेटीतून त्यांनी हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर काढला. लिफ्टवाल्यांची जुनी रीत असते, टोक मोटारीला टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला. मग लोखंड सगळं सांगतं.

तीन वाजता ते पाठदुखीचं निमित्त करून भिंतीलगत बसले. कोपऱ्यात अस्तरातून हवेच्या यंत्राची नळी बोटभर डोकावत होती. पुतणी शेजारी होती, मांडीवर पर्स. दिवे मंद झाले. काकांनी टोक नळीला लावलं, मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटले. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा समाधीत गेला.

धाकटा वाजला. नळीत मोटार गुणगुणत होती, बारीक, एकसारखी. मधला वाजला. मोटार चालूच.

"आता थोरला," कानगुरू म्हणाला. "श्वास सोडा..."

लोखंडातून टक् असं आलं. गुणगुण खाली घसरू लागली.

"सोडा... अजून सोडा... आत काही ठेवू नका..."

यंत्रातला पंखा थांबायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढाच वेळ 'सोडा' चाललं. मग पंखा थांबला, कानगुरूही थांबला, आणि ती काळी शांतता उतरली. काकांच्या पाठीवर काटा आला. या वेळी तो निराळा होता.

"बंद झालं," ते मोठ्यानं म्हणाले.

"काय काकासाहेब?"

"हवेचं यंत्र. धाकट्याला चालू, मधल्याला चालू, थोरल्याला बंद. परत धाकटा लावा बरं, हे असंच बंद ठेवून."

कानगुरू हसला. "संशय शिरला की थोरला रुसतो."

"रुसायला तो काय जावई आहे?" बेकरीवाला म्हणाला.

पुतणी उभी राहिली. तिच्या हातात आवाज मोजायचं छोटं यंत्र होतं, कान तपासायची पेटी पुरेशी शांत आहे का ते पाहायला ती रोज वापरायची. "मी इथूनच मोजलं. बोलण्याचा आवाजही थोरल्यावर दोन डेसिबलनी वर आहे. दोनच. एवढ्यानं 'मोठा झाला' असं कुणालाही वाटत नाही. 'स्पष्ट झाला' असं वाटतं."

तोवर काका नळीच्या मागानं चालत बाजूच्या दाराशी पोचले होते. त्यांनी अस्तर बाजूला करून दार उघडलं. आत स्टुलावर कानगुरूचा मेहुणा बसला होता. डावा हात भिंतीवरच्या खटक्यावर, उजव्या हातात तिन्ही यंत्रांचा आवाज कमीजास्त करायचा टॅबलेट.

"मला दाजींनी सांगितलं तसं..." तो म्हणाला.

पुतणीनं टॅबलेट घेतला आणि आपलं जाकीट तिन्ही यंत्रांवर टाकलं. "आता कुणी डोळे मिटू नका. कुठलं वाजतंय ते तुम्हीच सांगा." काकांनी खटका बंद केला. पंखा थांबेपर्यंत सगळे थांबले. निरोप वाजला. खाट कुरकुरली, चाक वाजलं, श्वास आला.

"हाच! हाच थोरला!" मुख्याध्यापिकाबाई ओरडल्या.

पुतणीनं जाकीट उचललं. हिरवा दिवा धाकट्यावर होता.

बाई त्या दिव्याकडे पाहत राहिल्या. "मी पस्तीस वर्षं मुलांना म्हणत आले, पडताळा करा, पडताळा करा," त्या हळूच म्हणाल्या आणि खाली बसल्या.

कानगुरू मात्र अजून हरला नव्हता. तो काकांच्या अगदी जवळ आला. "पंखा सोडा हो. पण शब्द? तो तर आहे ना? यांचं ऐकून आज उठलात तर तो कायमचा गेला. वहिनी परत विचारणार नाहीत."

खोली एकदम थंड पडल्यासारखी झाली. काकांनी पुतणीकडे पाहिलं. "आहे का गं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "मला श्वास ऐकू आला, काका. शब्द नाही. पण माझंही मानू नका. तुम्हीच ऐका."

त्यांनी हेडफोन चढवला. पंखा बंद, धाकट्यावर, आवाज पुरेसा मोठा. एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांनी लिफ्टची मोटार ऐकावी तसं ऐकलं, काही मागितलं नाही, फक्त काय आहे ते घेतलं. 'आणि', मग श्वास, मग अगदी शेवटी बारीकसा टिक्.

त्यांनी हेडफोन काढला.

"अंगठा," ते म्हणाले. "बटण दाबून धरेपर्यंतच फोन आवाज घेतो. श्वास घेताना तिचा अंगठा उचलला गेला. हातात जोर नव्हता तिच्या. पुढचं ती बोलली असेल, तिला वाटलं असेल चालूच आहे. पण ते फोनमध्ये शिरलंच नाही." ते कानगुरूकडे वळले. "आडातच नाही, तर तुझ्या पोहऱ्यात कुठून येणार?"

लोक उठून टोपलीतून आपापले फोन घेऊ लागले. बेकरीवाला टेबलापाशी रेंगाळला. "ताई, मग घ्यायचं तरी कुठलं? गाणी ऐकायला मला हवंय खरं."

"घ्या ना, यंत्र वाईट नाही. आवाज सारखे करून घ्या, वर कापड टाका आणि ऐका. फरक कळला नाही तर रोज न अडकता चालेल ते घ्या. उरलेल्यात चांगला हेडफोन."

काका घरी पोचले तेव्हा कपडे नेणारा दारात गाडी लावून उभा होता. त्याला चहा पाजून त्यांनी रिकामा परत पाठवला. पडदे पुन्हा लावले, पलंगावर गादी आणून टाकली. मग चालून पाहिलं. पाऊल एकदाच वाजलं.

कपाटाचं दार उघडून ते त्याच्यापाशी बसले आणि आपल्या जुन्या फोनला साधा हेडफोन लावून तो निरोप ऐकला. खाट होती. चाक होतं. श्वासही होता. पहिल्या दिवसापासून होता.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानाच्या दारावर एक पाटी लागली. लिफ्टमध्ये लावतात तसल्या ठळक अक्षरांत काकांनीच ती लिहिली होती: 'सूचना. दुःखी माणसानं इथं एकट्यानं शिरू नये. कुणी डोळे मिटा म्हणालं तर उघडे ठेवा, आणि खोलीत आणखी काय चालू आहे ते आधी विचारा.'

ती पाटी कानगुरूनं दोनदा फाडली. काकांनी तिसऱ्यांदा ती पत्र्यावर रंगवली आणि चार स्क्रूंनी बसवली. मग घरी येऊन पांढरे कपडे वेगळे काढले. आधी निळं बटण, मग नळ. पाणी बाहेर आलं नाही.